भोगीपासून मागे मोजा : हिवाळी परसबागेचं नियोजन, क्रमाने

कपाटातून स्वेटर बाहेर निघाले की ओळखीचे लोक विचारू लागतात, "थंडी पडली, आता गच्चीत काय लावू?" तोवर डिसेंबरचा पहिला आठवडा उजाडलेला असतो. गाजराला तीन महिने लागतात. डिसेंबरात पेरलेलं गाजर मार्चच्या उन्हात पोसायला जातं आणि आतून लाकडासारखं निघतं. वाटाण्याला फुलं येतात तेव्हा दुपार तापायला लागलेली असते आणि फुलं गळतात. मग लोक खताला दोष देतात, बियाण्याला देतात, "आमच्या हाताला गुण नाही" असंही म्हणतात. खरं कारण एकच असतं : पेरणी एक-दोन महिने उशिरा झालेली असते.

हिवाळी बाग थंडी पडल्यावर नाही, पाऊस ओसरताना आखायची असते. खालचे टप्पे त्याच क्रमाने आहेत आणि क्रम बदलू नये ही माझी कळकळीची विनंती आहे. तारखा पुणे, नाशिक, सातारा, अहिल्यानगर या पट्ट्यासाठी आहेत. कोकण आणि गोव्यासाठी वेगळं सांगायचं ते टप्पा २ मध्ये सांगितलं आहे.

टप्पा १ : डिसेंबरचं ऊन सप्टेंबरातच शोधा

सर्वात जास्त बागा इथे फसतात. जूनमध्ये आपल्याकडे दुपारचा सूर्य जवळजवळ डोक्यावर असतो, त्यामुळे गच्चीच्या कोपऱ्या-कोपऱ्यात ऊन पोचतं. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात तोच सूर्य दक्षिणेकडे कललेला असतो. पुण्यात भर दुपारीही तो क्षितिजापासून जेमतेम ४८ अंश वर येतो, नागपुरात ४५ अंशांच्या आसपास. म्हणजे दुपारी साडेबाराला कोणत्याही वस्तूची सावली जवळपास तिच्या उंचीएवढी पडते. दक्षिणेच्या तीन फुटी कठड्यामागे पावणेतीन फूट पट्टा दुपारीही सावलीत असतो, आणि सकाळ-संध्याकाळ त्याहून जास्त. दक्षिणेला शेजारची इमारत असेल तर अख्खी गच्ची जाऊ शकते.

हे आधी कळण्यासाठी मुलांच्या कंपास पेटीतला ४५ अंशांचा गुण्या घ्या. जिथे कुंडी ठेवायची तिथे खाली बसा, म्हणजे डोळा कुंडीच्या उंचीवर येईल. मोबाइलमधल्या होकायंत्रावर दक्षिण बघून तिकडे तोंड करा. गुण्याची एक बाजू जमिनीला समांतर धरा, काटकोन स्वतःपासून लांब ठेवा आणि जवळच्या टोकापासून तिरक्या कडेवरून नजर टाका. त्या रेषेच्या वर जी भिंत, टाकी किंवा झाड डोकावतं ते डिसेंबरात दुपारचं ऊन अडवणार. असंच आग्नेयेला आणि नैऋत्येलाही बघा, मात्र तिकडचा सूर्य आणखी खाली असतो, म्हणून गुण्याच्या रेषेखालचे अडथळेही मोजा. ही पाहणी सूर्य त्या दिशेला नसताना करा, उन्हाकडे थेट बघू नका.

पालेभाजीला चार तास थेट ऊन पुरतं. गाजर, मुळा, बीट यांना पाच-सहा तास हवेत. टोमॅटो, वांगी, वाटाणा यांना सहाहून कमी चालत नाहीत.

गच्चीवर मांडणीचा नियम सोपा आहे : उंच झाडं आणि वेलाचे मांडव उत्तरेच्या कडेला, बुटकी पालेभाजी दक्षिणेला. पावसाळ्यात लावलेला दोडका दक्षिणेच्या कठड्यावर अजून पसरलेला असेल तर ऑक्टोबरात त्याचा मोह सोडा.

सावधान : उत्तरेकडे तोंड असलेल्या बाल्कनीत सप्टेंबरअखेरपासून मार्चपर्यंत थेट ऊन येतच नाही. तिथे फळभाजीचा हट्ट धरू नका. उथळ ट्रेमध्ये दाट मेथी टाका आणि बोटभर उंचीची असतानाच कापा, सोबत पुदिना ठेवा.

आणखी एक मोजणी जागेबरोबरच व्हायला हवी, ती वजनाची. एक चौरस मीटरवर फूटभर ओली माती म्हणजे पाचशे किलोंच्या आसपास भार. नेहमीच्या वापरातली गच्ची साधारण दर चौरस मीटरला १५० किलो जादा भार धरून बांधलेली असते. त्यामुळे सलग मातीचे वाफे करू नका. कुंड्या आणि क्रेट तुळईच्या किंवा भिंतीच्या रेषेवर, अंतर सोडून ठेवा. त्याहून जास्त काही करायचं असेल तर आधी इमारतीच्या अभियंत्याला विचारा.

टप्पा २ : भोगीच्या ताटापासून मागे या

नियोजनाला एक तारीख लागते. मी भोगी धरते, म्हणजे बहुतेक वर्षी १३ जानेवारी. त्या दिवशीच्या भाजीत वांगं, गाजर, पावटा, घेवडा, वाटाणा, हरभऱ्याचे सोलाणे सगळं लागतं, त्यामुळे एका भाजीच्या निमित्ताने अख्खा हंगाम आखून होतो. मागे मोजताना बियाण्याच्या पाकिटावरच्या दिवसांत दहा दिवस वाढवा, कारण डिसेंबरच्या थंडीत वाढ मंदावते.

असं मोजलं की वांग्याचं बी १५ ते २० सप्टेंबरला रोपाच्या ट्रेमध्ये पडायला हवं. महिन्याभरात रोप मोठ्या कुंडीत जातं आणि तिथून दोन-सव्वादोन महिन्यांनी पहिली वांगी येतात. टोमॅटो, कोबी, फ्लॉवरची रोपंही याच सुमारास किंवा ऑक्टोबरच्या पहिल्या आठवड्यापर्यंत टाकावीत. गाजर १ ते १० ऑक्टोबर. हरभरा २० ऑक्टोबरच्या आसपास. बुटक्या जातीचा घेवडा ऑक्टोबरअखेर ते नोव्हेंबरच्या पहिल्या आठवड्यात. कांद्याच्या पातीसाठी छोटे कांदे डिसेंबरच्या सुरुवातीला रोवले तरी पुरतं.

वाटाण्यात मात्र लोक उलटी चूक करतात, घाई. ऑक्टोबरचा उकाडा त्याला मानवत नाही. पारा तिशीच्या वर राहिला तर झाड खुरटं राहतं आणि फुलं टिकत नाहीत. रात्री पांघरूण घ्यावंसं वाटायला लागलं की वाटाणा टोचा, साधारण १ ते १० नोव्हेंबर. अर्केलसारखी लवकर येणारी जात घेतली तर दोन महिन्यांत पहिली तोडणी होते.

पावट्याचं गणित वेगळं आहे. वेलाचा जुना पावटा दिवस लहान झाल्याशिवाय फुलत नाही. तो पावसाळ्यातच लावलेला असतो आणि मार्गशीर्षात शेंगांनी लगडतो. या वर्षी राहिला असेल तर बुटकी जात ऑक्टोबरच्या पहिल्या पंधरवड्यात लावा आणि वेलाचा पावटा पुढच्या जुलैच्या यादीत लिहून ठेवा.

पालेभाजीला तारीख नसते, तिला पाळी असते. मेथी, शेपू, चाकवत, कोथिंबीर एकदम सगळ्या कुंड्यांत टाकली तर एका आठवड्यात खाववत नाही इतकी येते आणि पुढे महिनाभर काहीच नसतं. दर दहा दिवसांनी एकच वाफा पेरा. आमच्याकडे चार माणसांच्या एका वेळच्या मेथीला दोन बाय दोन फुटांचा वाफा लागतो. तुमचा अंदाज पहिल्या काढणीला येईल, तो वहीत लिहा.

कोकण आणि गोव्यात हा तक्ता जसाच्या तसा चालणार नाही. किनाऱ्यावर थंडी सौम्य असते, त्यामुळे फ्लॉवर आणि वाटाण्यावर जागा घालवण्यापेक्षा मुळा, पालक, वाल, चवळी आणि तांबडी भाजी यांना ती द्या. तिथली जांभ्याची माती आंबट असते. पेरणीआधी दोन-तीन आठवडे थोडा चुना मिसळून पाणी द्या, म्हणजे तो मातीत मुरतो.

तपासा : सगळ्या पिकांना मिळून किती चौरस फूट लागतात आणि पहिल्या टप्प्यात उन्हाची किती जागा सापडली, हे दोन आकडे शेजारी शेजारी लिहा. दुसरा लहान असेल तर आत्ताच दोन पिकं खोडा. पहिल्या वर्षी कोबी-फ्लॉवर खोडावेत असं मला वाटतं. एकेक गड्डा दीड फूट जागा तीन महिने अडवतो आणि हाती एका वेळची भाजी येते.

टप्पा ३ : माती, पेरणीच्या तीन आठवडे आधी

पावसाळ्यानंतर कुंडीतली माती दबून विटेसारखी झालेली असते. त्यावर मूठभर खत टाकून पेरणी करणं ही सवय मोडा. माती पूर्ण बाहेर काढा, ढेकळं फोडा, जुनी मुळं आणि पांढऱ्या जाड अळ्या वेचा. त्या वाकड्या, इंग्रजी सी अक्षरासारख्या पडलेल्या अळ्या हुमणीच्या असतात आणि एक अळीसुद्धा कुंडीतली मुळं फस्त करते. मग ताडपत्रीवर दोन-तीन दिवस ऊन द्या.

मिश्रण असं करा : चार भाग माती, तीन भाग चांगलं कुजलेलं शेणखत किंवा कंपोस्ट, तीन भाग धुतलेलं कोकोपीट. दहा लिटर मिश्रणाला मूठभर निंबोळी पेंड. माती काळी आणि चिकट असेल तर तिचा एक भाग कमी करून तेवढी जाड वाळू घाला. कोकोपीटची वीट भिजवून ते पाणी फेकून द्या आणि दोन वेळा पुन्हा धुवा. त्यात क्षार असतात आणि ते राहिले तर कोवळ्या रोपांच्या पानांच्या कडा करपतात.

शेणखत विकत घेताना हातात घ्या. शेणाचा वास येत असेल, आतून कोमट लागत असेल, गवताच्या काड्या ओळखू येत असतील तर ते कच्चं आहे. कच्च्या खतात गाजराला आणि मुळ्याला फाटे फुटतात, हुमणी येते आणि कोवळी मुळं भाजतात. तयार खत काळसर आणि भुसभुशीत असतं, पहिल्या पावसासारखा वास देतं. शंका असेल तर मूठभर ओलं खत प्लास्टिकच्या पिशवीत आठवडाभर बांधून ठेवा. उघडल्यावर कुबट वास आला तर आणखी महिनाभर कुजू द्या.

खोलीचं मोजमाप चुकवू नका. मेथी, पालक, कोथिंबिरीला सहा इंच माती. बीट, नवलकोल, लसणाला आठ. गाजर आणि लांब मुळ्याला बारा इंच मोकळी माती लागते, आणि तिथे खडा राहिला तर गाजर त्याला वळसा घालून वाढतं. टोमॅटो आणि वांग्याला प्रत्येकी पंधरा ते वीस लिटरची कुंडी.

तपासा : भरलेल्या कुंडीला पाणी देऊन एक-दोन दिवस थांबा. मूठभर माती दाबून गोळा करा आणि कमरेच्या उंचीवरून सोडा. गोळा झालाच नाही तर ओल कमी आहे. पडून तसाच राहिला तर जास्त आहे. पडून मोकळा झाला तर वाफसा आहे आणि पेरणी वाफशावरच करायची.

टप्पा ४ : बी तपासून रोपं करा

किराणा दुकानातली मेथी, धने, मोहरी, हरभरा पेरायला चालतात, फक्त ते किती जुने आहेत हे कळत नाही. वीस दाणे ओल्या सुती कापडात गुंडाळून ठेवा. मेथीला तीन दिवस, पालकाला आठवडा द्या. धन्याला दहा दिवस लागतात. चौदाहून कमी दाण्यांना मोड आले तर बी जास्त टाका, दहाहून कमी असतील तर ते बी सोडा.

सावधान : पाकिटातलं बी गुलाबी किंवा निळं दिसलं तर त्याला औषध लावलेलं आहे. ते स्वयंपाकाच्या भांड्यात भिजवू नका, उरलेलं खाऊ नका, हात साबणाने धुवा.

वांगी, टोमॅटो, कोबी, फ्लॉवर, नवलकोल, मिरची यांचीच रोपं करायची. ट्रेमध्ये कोकोपीट आणि गांडूळखत निम्मं-निम्मं भरा, बियाच्या जाडीच्या दुप्पट-तिप्पट खोल पेरा आणि ट्रे पावसापासून आडोशाला ठेवा. सप्टेंबरअखेरच्या एका जोरदार सरीने बारीक बी वाहून जातं. अंकुर दिसला की त्याच दिवशी सकाळच्या उन्हात आणा. सावलीत दोन दिवस जास्त राहिलेलं रोप दोऱ्यासारखं लांबतं आणि ते पुढे कधी सावरत नाही.

रोपं बुडाशी बारीक होऊन कोलमडत असतील तर पाणी जास्त होतंय. ट्रे खालून भिजवा आणि वरची माती सुकू देऊन मगच पुन्हा पाणी द्या.

चार-पाच खरी पानं (उगवतानाची पहिली दोन दलं सोडून) आली की पुनर्लागवड, तीही संध्याकाळी. आधीचे चार-पाच दिवस पाणी थोडं कमी करा, म्हणजे रोप कणखर होतं. टोमॅटोचं रोप खालच्या पानांपर्यंत पुरलं तरी चालतं, खोडाला नवी मुळं फुटतात. कोबीचं मात्र मधला कोंब मातीत जाईल इतकं पुरू नका.

टप्पा ५ : थेट पेरणी

गाजर, मुळा, बीट, मेथी, पालक, कोथिंबीर, वाटाणा, हरभरा जागच्या जागीच पेरायचे. गाजर-मुळ्याची रोपं उपटून लावली की सोटमूळ दुखावतं आणि वाकडंतिकडं पोसतं. रोपवाटिकेत मिळणारी गाजराची रोपं कितीही टवटवीत दिसली तरी घेऊ नका.

धने लाटण्याने हलके रगडून दोन फाका करा आणि रात्रभर भिजवून पेरा. अख्खा धना उगवायला फार वेळ घेतो. पालकही रात्रभर भिजवा. गाजराचं बी बारीक असतं, ते चौपट कोरड्या वाळूत मिसळून ओळीत सोडा आणि वरून फक्त अर्धा सेंटिमीटर माती भुरभुरवा. आठ ते बारा दिवस वरचा थर एकदाही सुकता कामा नये. ओलं गोणपाट अंथरा, सहाव्या दिवसापासून रोज उचलून बघा आणि पहिला हिरवा ठिपका दिसला की लगेच काढा. एक दिवस उशीर झाला तर अंकुर गोणपाटात गुंततात आणि काढताना तुटतात.

लसणाची पाकळी टोक वर ठेवून इंचभर खोल, चार-चार इंचांवर रोवा. बाहेरच्या जाड पाकळ्या लागवडीला, आतल्या बारीक फोडणीला.

गच्चीवर कबुतरं असतील तर पेरल्या दिवसापासून जाळी हवी. वाटाण्याचे आणि पालकाचे कोंब ती एका सकाळीत खुडतात.

टप्पा ६ : विरळणी, जी कोणी करत नाही

उगवलेलं रोप उपटायला हात धजत नाही, हे मला समजतं. पण पानांचं जंगल आणि खाली करंगळीएवढी गाजरं, याचं कारण जवळजवळ नेहमी हेच असतं. दोन इंच उंचीला पहिली विरळणी, आणखी दोन आठवड्यांनी दुसरी. शेवटी गाजरात दोन-तीन इंच अंतर राहावं, मुळ्यात आणि बीटात चार, नवलकोलात आठ-नऊ. बीटाचा एक दाणा म्हणजे अनेक बियांचा झुबका असतो. एका जागी तीन-चार रोपं दिसली तर सशक्त एक ठेवा.

उपटू नका, कात्रीने मातीलगत कापा, म्हणजे शेजारच्या मुळांना धक्का बसत नाही. मुळ्याचा आणि बीटाचा कापलेला कोवळा पाला त्याच दिवशी कोशिंबिरीत जातो.

टप्पा ७ : पाणी सकाळी, आणि बोट घालून बघूनच

ऑक्टोबरच्या उन्हात रोज पाणी घालायची सवय लागते आणि ती डिसेंबरातही सुटत नाही. थंडीत मोठ्या कुंडीला बहुधा दोन-तीन दिवसांनी पाणी लागतं, उथळ ट्रेला एक दिवसाआड. तर्जनी दोन पेरं मातीत घाला, ओल लागली तर झारी खाली ठेवा. पाणी सकाळी आणि बुडाशी. संध्याकाळी पानं भिजवली की रात्रभर ओली राहतात आणि करपा धरतो.

गाजर आणि टोमॅटोला कोरडं पाडून एकदम भरपूर पाणी दिलं तर ते तडकतात. बुडाशी वाळक्या पानांचं दोन इंच आच्छादन घातलं की हा चढउतार कमी होतो.

निफाडकडे किंवा विदर्भात कडाक्याची रात्र येणार असेल तर संध्याकाळी माती ओली करून ठेवा, पानं नाही. ओली माती दिवसाची ऊब रात्री सोडते. काठ्या रोवून वरून जुनी साडी टाका आणि सकाळी ऊन आलं की काढा. रात्रीचा पारा दहा-बाराच्या खाली गेला की टोमॅटोची फुलं गळतात. तेव्हा खत वाढवून उपयोग नसतो, थंडी ओसरली की नवी फुलं धरतात.

टप्पा ८ : खत बेताने, मावा वेळेवर

पुनर्लागवडीनंतर तीन आठवड्यांनी आणि पुढे दर पंधरा दिवसांनी मोठ्या कुंडीला मूठभर गांडूळखत पुरतं. जीवामृत (शेण, गोमूत्र, गूळ आणि बेसन आंबवून केलेलं द्रव खत) देत असाल तर दहापट पाण्यात. गाजर, मुळा, बीट यांना लागवडीनंतर शेणखत अजिबात नको, नुसता पाला माजतो.

दोन-तीन दिवस आभाळ भरून आलं की कोबी, मोहरी आणि पावट्यावर मावा, म्हणजे रस शोषणारे बारीक किडे, येतो. पानाची खालची बाजू आठवड्यातून दोनदा बघा. सुरुवातीला पाण्याचा फवारा आणि बोटाने चिरडणं पुरतं. वाढला तर निंबोळी अर्क : ५० ग्रॅम कुटलेल्या निंबोळ्या लिटरभर पाण्यात रात्रभर भिजवा, गाळा, चिमूटभर साबण मिसळा आणि संध्याकाळी पानांच्या खालून फवारा. ऊन असताना फवारलं तर पानं भाजतात आणि अर्काचा जोरही लवकर जातो. फवारणीपुरता टप्पा ७ मधला नियम मोडतो, म्हणून पान ओलं होईल इतकंच मारा, निथळेल इतकं नको.

कोबी लावलाच असेल तर त्याच्या कडेने आधी मोहरी पेरा. चौकोनी ठिपक्याचा पतंग मोहरीवर अंडी घालणं पसंत करतो. अळ्या दिसल्या की मोहरीचीच झाडं कापून टाकायची.

टप्पा ९ : जानेवारीत रिकाम्या होणाऱ्या कुंड्या

मुळा पोसला की दोन दिवसांत काढा, नाहीतर पोकळ होतो. पालकाची बाहेरची पानं खुडत राहा, मधला कोंब राखा. मेथी मुळासकट उपटण्याऐवजी बुडाशी दोन पेरं ठेवून कापली तर एक कमी भरणारी दुसरी कापणी मिळते.

१५ डिसेंबरनंतर कोबी, फ्लॉवर, वाटाणा नव्याने लावू नका. भोगी झाली की रिकाम्या झालेल्या कुंडीत दोन मुठी खत मिसळून आठवडाभर विश्रांती द्या आणि जानेवारीअखेर भेंडी, गवार, काकडी टोचा. दोन-तीन मुळे मात्र काढू नका. ते फुलू द्या, फेब्रुवारीत डिंगऱ्या, म्हणजे मुळ्याच्या शेंगा, लागतील. कोवळ्या असताना अर्ध्या भाजीला घ्या, उरलेल्या झाडावरच वाळवा आणि बी बाटलीत भरून वर तारीख लिहा.